मुलीकडची

माइकवाल्याने प्रश्न विचारला तो तुर्कीत, आणि मला तो चक्क कळला. 'गेलिन ताराफी मी, दामात ताराफी मी?' दामात म्हणजे दामाद, ताराफ म्हणजे आपलं 'तर्फे'. राहिली गेलिन, ती नवरी असणार हे ओघानेच आलं. तुम्ही मुलीकडच्या की मुलाकडच्या? सांगलीच्या कुठल्याही कार्यालयात दारातल्या अत्तरगुलाबवाल्या बायका नुसत्या नजरेने विचारतात तोच प्रश्न, इथे जर्मनीत, कोलोनच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या हॉलमध्ये, सहाशे माणसांसमोर, माइकवरून. माझ्यामागे पन्नासेक जणांची रांग, हातात लाल रिबीन आणि टाचणी लावलेलं अंगठ्याच्या नखाएवढं सोन्याचं नाणं, आणि तोंडातून शब्द फुटेना. शेवटी मी नुसतं नवरीकडे बोट दाखवलं. त्याने माझ्या इरकलीकडे पाहिलं, कपाळावरच्या टिकलीकडे पाहिलं आणि अंगात आल्यासारखा ओरडला, 'हिंदिस्तानदान... गेलिनिन आब्लासी... बीर चेयरेक आल्तिन!' हिंदुस्तानातून, नवरीच्या ताईकडून, एक पाव नाणं. टाळ्या पडल्या. मी नवरीच्या गळ्यातल्या लाल पट्ट्याला नाणं टाचायला गेले, तर टाचणी आधी माझ्याच बोटात घुसली. ती कानाशी जर्मनमध्ये पुटपुटली, "ताई का? मग आता तुझी सुटका नाही."

एवढंच झालं. अकरा सेकंदांचा व्हिडिओ आहे त्याचा, शेजारच्या टेबलावरच्या पोरीने काढून पाठवलेला. रात्री दीड वाजता घरी येऊन, पाय गरम पाण्यात टाकून, मी तो चार वेळा पाहिला.

आहेर पुकारायची पद्धत मला काही नवी नव्हती. लहानपणी वाळव्याकडच्या लग्नांत जेवणाच्या पंगती चालू असताना लाउडस्पीकरवर एक काका न थकता सांगत असायचे, तासगावच्या मामांकडून पाचशे एक आणि फेटा, अमक्या पाहुण्यांकडून एकशे एक. ती 'एक'ची भर ऐकायला मला फार आवडायची. बाबा घरी आले की कपडे बदलायच्या आधी कपाटातली लांबोडकी वही काढत आणि कुणाकडे किती दिले ते टिपून ठेवत. आपल्याकडच्या कार्याला कुणी किती आणले, ते त्याच वहीत उलट्या बाजूने. आहेर ही भेट असते असं ज्याला वाटतं त्याने ती वही पाहिलेली नाही. कोलोनच्या हॉलमध्येही माइकवाल्याच्या शेजारी एक पोरगा मान खाली घालून लिहीत होता, आणि वर कॅमेरा चालू. मी नवरदेवाच्या मावशीला विचारलं, हे काय? ती म्हणाली, 'देफ्तेर.' मी उडालेच. आपलं दप्तर! उद्या आमच्या घरात कुणाचं लग्न निघालं तर हे लोक देफ्तेर उघडून बघणार, हिंदिस्तानवालीने काय दिलं होतं.

नाणं घ्यायला मी कोलोनच्याच मुलहाइम भागातल्या कॉयपस्ट्रासवर गेले होते, नवरदेवाचे वडील सोबत. पावणेदोन ग्रॅम, बावीस कॅरेट, प्लास्टिकच्या पुडीत लाल रिबिनीसकट तयारच मिळतं. त्या रस्त्यावर सराफ, नवरीचे कपडे शिवणारे, मिठाईवाले सगळे ओळीने आहेत. लग्न ठरलं की एकाच रस्त्यावर बस्ता उरकतो. एका न्हाव्याच्या दुकानासमोर ते थांबले. म्हणाले, २००४ च्या जूनमध्ये इथे खिळ्यांचा बॉम्ब फुटला, २२ माणसं जखमी झाली. आणि पुढची सात वर्षं पोलिसांचा संशय या रस्त्यावरच्याच लोकांवर. नवनाझींनी ठेवला होता हे उघड व्हायला २०११ उजाडलं. हे सगळं त्यांनी सकाळचं हवामान सांगावं तशा आवाजात सांगितलं आणि पाठोपाठ बाकलावाचा पुडा माझ्यापुढे धरला. मी म्हणाले, "आमच्याकडेही एकदा..." आणि तोंडात बाकलावा असल्याचं निमित्त करून वाक्य सोडून दिलं.

आमची नवरी कोलोनचीच, कॅथलिक घरातली, पण चर्चला फक्त नाताळात जाणारी. आम्ही आठ वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर बसतो. नवऱ्याचे आजोबा साठच्या दशकात, तुर्कस्तान आणि पश्चिम जर्मनीचा १९६१चा कामगार करार झाल्यानंतर, इथल्या फोर्डच्या कारखान्यात आले. दोन वर्षं राहून परत जायचं होतं. आता नातवाच्या लग्नाला सहाशे माणसं.

हॉलच्या आदल्या शुक्रवारी मेंदीची रात्र झाली, फक्त बायकांची. आपल्यासारखी नक्षी-बिक्षी नाही. नवरीला लाल मखमलीचा जरीचा अंगरखा घालून मधोमध बसवतात, डोक्यावरून लाल ओढणी टाकतात, दिवे मालवतात, आणि मेणबत्त्या लावलेली मेंदीची परात घेऊन बायका तिच्याभोवती फिरत रडवणारी गाणी म्हणतात. उद्देश सरळ आहे: नवरी रडली पाहिजे. आमची नवरी काही रडेना. ओढणीखालून मला डोळा मारत होती. मात्र भाषेचं अक्षर न कळणारी तिची आई कोपऱ्यात उभ्याउभ्या हमसून रडायला लागली, आणि मग नवऱ्याची आई तिच्या गळ्यात पडून रडली. एकीचं हॅम्बुर्गकडचं जर्मन, दुसरीचं कोन्याकडचं तुर्की, पण आमच्या पाठवणीला आया रडतात त्या सुरातच दोघी. मग नवरीने मूठ घट्ट मिटून घेतली. ती सासूने सोन्याचं नाणं तळहातावर ठेवल्याशिवाय उघडायची नसते. (या बाबतीत मात्र नवरीने तुर्की बायकांनाही मागे टाकलं. दोन नाणी झाल्यावर मूठ सुटली.) मेंदीचा गोळा तळहाताच्या मध्यावर थापून वरून लाल पिशवी बांधली. माझ्याही तळहातावर कुणीतरी एक गोळा ठेवला. सोमवारी ऑफिसात सगळे विचारत होते, भाजलं का?

निकाह झाला तो नवऱ्याच्या घरी, बैठकीच्या खोलीत, सोफे भिंतीला सरकवून. इथे कायद्याने त्याला काही किंमत नाही. कायद्याचं लग्न नगरपालिकेच्या नोंदणी कचेरीतच होतं. मुलीला धर्म बदलावा लागला नाही. मुस्लिम मुलाने ख्रिस्ती मुलीशी लग्न करायला त्यांच्याकडे तशी मुभा आहे. इमामांनी तिला विचारलं, मेहेर (नवऱ्याने नवरीला द्यायचं देणं) काय हवा? ती तयारीने आली होती. म्हणाली, "एक चांगली सायकल." खोलीत शांतता. इमाम दाढीतल्या दाढीत हसले आणि म्हणाले, "लिहितो. पण कोलोनमध्ये सायकली चोरीला जातात, मुली. सोबत थोडं सोनंही लिहू." दोन काका साक्षीदार होते. तुर्कीत साक्षीदाराला 'शाहित' म्हणतात. मी सोफ्याच्या हातावर टेकून चहाचा नाजूक पेला सांभाळत होते आणि उगाच विचार करत होते, की आपला 'साक्षीदार' हा शब्दच आंतरधर्मीय विवाहातून झालेला आहे. साक्षी संस्कृत, दार फारसी. शेकडो वर्षं सुखाने नांदतायत.

साक्षीदार मीही होते. तेच सांगायचं आहे.

फेब्रुवारीत एके दिवशी ऑफिसच्या स्वयंपाकघरात कप धुताना तिने विचारलं होतं, "माझी साक्षीदार होशील? जर्मनीत १९९८पासून साक्षीदार लागत नाहीत. पण मला हवीय." कप खाली ठेवायच्या आत मी हो म्हणाले. मे महिन्यात जुन्या टाउन हॉलमध्ये नोंदणी झाली. अधिकारी बाईंनी छान आवाजात कायद्याची वाक्यं वाचली. दोघांनी होकार देताच नवरीने टाच उचलून नवऱ्याच्या चकचकीत बुटावर दणकन पाय दिला. जो आधी पाय देईल त्याचं घरात चालतं, अशी तुर्की समजूत. तिने ती यूट्यूबवर पाहून ठेवली होती, तो बिचारा इथेच वाढलेला असून विसरला होता. अधिकारी बाई अजिबात दचकल्या नाहीत, कोलोनमध्ये असे पाय त्यांनी बरेच पाहिले असणार. मग कागद माझ्यासमोर आला. मी पासपोर्टवर करते तशी सावकाश, पूर्ण नावाची सही केली. पेन जड होतं, निबेचं. सही वाळेपर्यंत मी तिच्याकडे बघत बसले.

२०१०च्या जानेवारीत हेच मला कुणीतरी विचारलं होतं.

ताई माझी आतेबहीण. सहा वर्षांनी मोठी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आत्याच्या गच्चीवर पापड राखत बसलो की ती सांगायची, "माझ्या लग्नात करवली तूच. कलश धरायचा, पेंगायचं नाही." मी कळशी घेऊन तालीम करायचे. ताईने लग्न ठरवलं ते मिरजेच्या मुलाशी, कॉलेजातल्या. सांगली-मिरज म्हणजे अंतर ते किती, सिटी बसने अर्धा तास. त्याची आई आमच्या आत्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायची, हे आत्याने स्वतः कबूल केलेलं. तरीही घरात सुतक आल्यासारखं झालं. आणि त्यातच २००९चा गणपती. मिरजेत अफझलखानाच्या वधाच्या कमानीवरून दंगल पेटली, सांगलीतही संचारबंदी लागली. मी पुण्याहून फोन केला तर आई म्हणाली, दूध आलं नाही, कोऱ्या चहावर आहोत. त्यानंतर तीन महिन्यांनी ताई आणि तो स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टची नोटीस द्यायला गेले. नाव, पत्ता, वय, सगळं कचेरीच्या फळ्यावर तीस दिवस. वाचणारे वाचतात. आत्याकडे निनावी फोन सुरू झाले. बाबा मला म्हणाले, "मुलगा चांगला आहे, मला ठाऊक आहे. पण वातावरण बघ." तेव्हा मला वाटलं, बाबा घाबरलेत. आता वाटतं, घाबरले होते हेही खरं आणि वातावरणाचा आडोसा मिळाला म्हणून त्यांना जरा बरंही वाटलं होतं. ती खिचडी त्यांना निवडता आली नसती आणि मला आजही येत नाही.

ताईचा फोन आला तेव्हा मी कोथरूडच्या बसस्टॉपवर होते. ती म्हणाली, "तीन साक्षीदार लागतात गं. दोन आहेत, त्याच्या मित्रांतले. एक तरी आपल्याकडचं असावं असं वाटतं. तू येतेस?" मी चोवीस वर्षांची, नोकरीला लागून सात महिने झालेले. म्हणाले, "रजा नाही मिळत गं." रजा मी मागितलीच नव्हती. ती म्हणाली, "बरं." रात्री मेसेज आला: गुरुवारी साडेअकरा. आहेर नको, जमलं तर ये. त्या गुरुवारी साडेअकराला मी ऑफिसात एका फाइलमधले दोन रकाने जुळवत होते. जुळत नव्हते, तेवढं लख्ख आठवतं.

पण आपण हॉलवर होतो. पत्रिकेवर पाचची वेळ होती. नवरीकडची जर्मन माणसं पावणेपाचला हजर. चौऱ्याऐंशी वर्षांची आजी, तिची ओमा, कोट घालून रिकाम्या हॉलमध्ये एकटीच पहिल्या टेबलावर. तुर्की पाहुणे यायला लागले साडेसातला. तोवर ओमाने टेबलावरच्या सूर्यफुलाच्या बिया, खारे दाणे आणि अर्धी बाटली कोला संपवून मला विचारलं, "लग्न रद्द झालं का?" मुहूर्त टळायची सवय असलेल्या मला तिला समजावता समजावता फार मोठेपणा वाटला. दारू नव्हती, त्यामुळे नवरीचे दोन मामा पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून कोल्श, म्हणजे कोलोनची बिअर, पीत उभे राहिले, टायरच्या दुकानाच्या पाटीखाली. थोड्या वेळाने नवऱ्याचे काका तिथे सिगारेट ओढायला आले. मी फोन करायला बाहेर गेले तेव्हा पाचसहा जण डिकीभोवती कोंडाळं करून फुटबॉलवर भांडत होते, आणि एका काकांच्या हातातल्या कोल्शच्या दोनशे मिलीच्या पेल्याकडे मी पाहिलं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं.

सगळंच काही गोड नव्हतं. घरून निघताना नवरीच्या भावाने तिच्या कमरेला लाल फीत बांधली. त्याला सांगितलं होतं, शुभ असते. तिची खरी गोष्ट म्हणजे मुलीचं कौमार्य, हे मला मावशीने हळूच सांगितलं, आणि नवरीलाही ते माहीत होतं. मी विचारलं, "मग बांधून का घेतलीस?" ती म्हणाली, "त्याच्या आजीसाठी. दहा मिनिटांचा प्रश्न आहे." मला राग आला. मग आठवलं, माझ्या लग्नात कन्यादानाला मी तोंड मिटून बसले होते, तेही दहाच मिनिटांचं होतं. माझ्या लग्नाला ताई आली होती. मागच्या रांगेत बसली, जेवली, पाकीट देऊन गेली. बाबांच्या वहीत उलट्या बाजूला तिचं नाव आहे, पुढे १००१. सुलट्या बाजूला तिच्या लग्नाची ओळच नाही.

मग दावूल आणि झुर्ना आले. दावूल म्हणजे गळ्यात अडकवलेला मोठा ढोल, झुर्ना म्हणजे सनईची थोरली, तापट बहीण. बंद हॉलमध्ये ते वाजायला लागलं की ऐकू येत नाही, छातीत लागतं. हलाय नावाचा नाच, करंगळीत करंगळी अडकवून लांबच लांब साखळी, पुढच्याच्या हातात रुमाल. पावलं सोपी वाटतात, नसतात. पण मी शाळेत सहा वर्षं लेझीम खेळलेली, तिसऱ्या फेरीला पाय पडायला लागले. माझ्या डाव्या करंगळीत एक अनोळखी हिजाबवाली पोरगी आणि उजव्या करंगळीत ओमा. ओमाने कोट अजून काढला नव्हता. पोरगी प्रत्येक वळणाला ओरडून मला सांगत होती, "आब्ला, सोल! आब्ला, साघ!" ताई, डावीकडे. ताई, उजवीकडे.

परक्या देशात मुस्लिम लग्नात नाचणं किती सोपं असतं. साडी नेसायची, नाणं टाचायचं, टाळ्या घ्यायच्या. या लग्नाने माझ्या गल्लीत कुणी कुजबुजणार नव्हतं, माझ्या बापाला निनावी फोन येणार नव्हता. दुसऱ्या दिवशी आईला व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवले. ती चष्मा लावून एकेक निरखत म्हणाली, "काय गोड दिसतेय गं. आणि जावई तुर्की का? बरं. नाकीडोळी छान आहे." मी म्हणाले, "आई, मुसलमान आहे तो." ती म्हणाली, "हो गं, कळलं मला. तिकडचं वेगळं." मग बराच वेळ माझ्या इरकलीच्या काठाबद्दल बोलत राहिली.

ताईशी माझं बोलणं नाही असं नाही. मुलगा झाल्यावर आत्या तिच्याकडे जायला लागली, मग आम्हीही. ती मिरजेतच शाळेत शिकवते. मी भारतात गेले की तिच्याकडे जाते, शीरखुर्मा खाते, मुलाला चॉकलेटं देते. दिवाळीला ती फराळाचा फोटो पाठवते, ईदला मी चंद्रकोरीचं फुलांवालं चित्र पाठवते, जे पाठवताना दर वेळी मला माझीच लाज वाटते. त्या गुरुवारबद्दल तिने कधी विचारलं नाही, मी कधी काढलं नाही. १३ वर्षं.

कॉल संपल्यावर मी तो अकरा सेकंदांचा व्हिडिओ ताईला पाठवून दिला. खाली लिहिलं, माइकवर आहेर पुकारतात, आपल्यासारखा. लगेच निळ्या खुणा आल्या. तिने विचारलं, "किती वजनाचं?" मी लिहिलं, "पावणेदोन ग्रॅम." "बरं दिलंस की. काय ओरडतोय तो?" मी लिहिलं, "नवरीची ताई." पुढे ती काही लिहीत होती, थांबली, परत लिहीत होती, थांबली. मग मीच विचारलं. तळहातावरच्या त्या नारिंगी ठिपक्याने स्क्रीन धरून, एकेक अक्षर टाइप करत. "ताई, तुझ्या लग्नात तिसरा साक्षीदार कोण होता गं?"

बऱ्याच वेळाने आवाजातला निरोप आला. मागे कुकरची शिट्टी, तिचा मुलगा काहीतरी मागतोय. "अगं, कचेरीच्या बाहेर झाडाखाली टायपिंगवाला बसायचा, तो. त्याने शंभर रुपये घेतले. भला माणूस आहे हां. अजून बाजारात भेटतो कधी कधी. सायकल थांबवून विचारतो, ताई, कसं चाललंय?"